भुताचे गुडघे

‘मी कशाला घाबरतेय!’ असं म्हणत रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहिले होते मी. कॅलिफोर्नियातलं नॉट्स बेरी फार्म एरवी साधंसुधं अम्युझमेंट पार्क. पण हॅलोविनच्या सीझनला अंधार पडला की तिथं भुतांचं राज्य! तेही १९७३ पासून. तेव्हा माझ्या आईबाबांचा जन्मही झाला नव्हता.

भूतबंगले ठीकठाकच वाटले. खरी फाटते ती बाहेर, घोस्ट टाउनच्या रस्त्यावर. धूर एवढा की शेजारची मैत्रीण दिसत नाही. त्यातून एक भूत धावत येतं, गुडघ्यांवर झोकून देतं आणि घसरत थेट तुमच्या पायांशी! गुडघ्यांच्या पॅडला धातू लावलेला, त्यामुळे रस्त्यावर ठिणग्या उडतात. या भुतांना ‘स्लायडर’ म्हणतात. मी अशी किंचाळले की घसाच बसला.

भुतं अंगाला हात लावत नाहीत, हे आपल्याला माहीत असतं. पण पायांना कोण सांगणार? ते आधीच पळालेले असतात.

थोड्या वेळानं तोच स्लायडर कडेला दिसला. वाकून पॅडचे पट्टे आवळत होता. मेकअपखाली आमच्याच वयाचा पोरगा असावा. एका रात्रीत किती वेळा पडत असेल हा? मी हसून हात केला. पठ्ठ्या हसला नाही. तेवढ्यात पोरींचा एक घोळका आला आणि हा धुरात गायब.

ठिणग्या उडाल्या. पोरी किंचाळल्या. त्यांच्याबरोबर मीपण!