सीटखालचं पॅकिंग

मे महिन्यातल्या दुपारी परभणीहून गंगाखेडकडे निघालेल्या जुन्या व्हॅनमध्ये मधूनच जळक्या तेलाचा वास येतो. कुणी काच सरकवतो, तर बाहेरची 42-43 अंशांची झळ आत येते. वास काही जात नाही. जाणार कसा? तो रस्त्यावरून येतच नसतो, बसल्या जागेखालून येत असतो.

मारुती व्हॅन 1984 मध्ये बाजारात आली. पुढे ती ‘ऑम्नी’ झाली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं असे. 2010 मध्ये आलेल्या मारुतीच्याच ईको व्हॅनमध्येही इंजिनाची जागा तीच राहिली. त्यामुळे गाडीला लांब नाक लागलं नाही आणि मागे माणसं, भाजीच्या पाट्या, खताची पोती यांना जागा मिळाली. ही सोय महागात पडते ती दुरुस्तीच्या वेळी. बॉनेट उघडून मोकळेपणी काम करता येत नाही. सीट उचलावी लागते, आणि तरीही मिस्त्री म्हणतो, ‘‘हात जाईना.’’

वासाचं मूळ बहुधा टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमध्ये असतं. पुस्तकात ज्याला गॅस्केट म्हणतात, त्याला गॅरेजमध्ये पॅकिंग म्हणतात. इंजिनाच्या डोक्यावर झाकण असतं आणि त्याच्या आत तेल उडत असतं. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही घासले तरी एकमेकांवर अगदी तंतोतंत बसत नाहीत. उरलेली बारीक फट भरण्यासाठी मध्ये रबराची पट्टी असते. इंजिन रोज तापतं, रोज निवतं. काही वर्षांत रबर ताठरतं, फट पुन्हा उघडते आणि तेल पाझरू लागतं. त्यावर काळ्या मातीची धूळ बसून चिकट थर साचतो. तेच तेल धुराड्याच्या तापलेल्या नळीवर पडलं तर वास येतो, धूर येतो आणि प्रसंगी आगही लागते.

ताठरलेलं रबर किती घात करू शकतं, हे 28 जानेवारी 1986 रोजी जगाने पाहिलं. चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधल्या सांध्याची रबरी कडी थंडीने कडक झाली, तापलेला वायू बाहेर निसटला आणि सात अंतराळवीरांचा जीव गेला. तिथे रबर थंडीने ताठरलं, इथे ते उष्णतेने ताठरतं.

हे पॅकिंग घरच्या अंगणात बदलता येतं. ते काही शे रुपयांचं असतं, वेळ मात्र अर्धा दिवस लागतो. इंजिन रात्रभर निवू द्यावं आणि बॅटरीची वजा बाजूची तार काढावी. झाकण उघडण्याआधी भोवतालची तेलमाती ब्रशने साफ करावी, नाहीतर ती सरळ इंजिनात पडते. प्रत्येक नळी आणि तार काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. अडचणीच्या जागी 10 नंबरची गोटी, लांब दांडी आणि मधला वळणारा जोड कामाला येतो. पडलेला बोल्ट काढायला काठीच्या टोकाचं चुंबक जवळ असावं. गाडीखाली जायची वेळ आली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत.

खरं काम पुढेच असतं. जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडायला छिन्नी घेतली की ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात, आणि नवं पॅकिंगही तिथून गळतं. त्यापेक्षा बांबूची चपटी काडी किंवा प्लास्टिकची पट्टी बरी. उघड्या भोकांत कापडाचे बोळे कोंबावेत, पण मोजून. जेवढे घातले तेवढेच बाहेर आले पाहिजेत.

अनेक जण खात्रीसाठी नव्या पॅकिंगवर सिलिकॉनची नळी रिकामी करतात. जादा सिलिकॉन आत गळून तेलाच्या जाळीत अडकतं आणि इंजिन तेलाविना चालतं. सिलिकॉन लागतं ते कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांपुरतंच. शिवाय ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला पावसाळ्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

दुसरी चूक जोराची. अशा 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला किलोभर वजन टांगलं, की एवढा पीळ बसतो. पाना 10 सेंटिमीटरचा असेल तर हाताला दहा किलोचा जोर लावावा लागतो, आणि 30 सेंटिमीटरचा असेल तर सव्वातीन किलोचा पुरतो. लांब पान्यावर खांद्याचा जोर लावला की आटे जातात, झाकण वाकतं आणि पॅकिंग बाजूने बाहेर येतं. सगळे बोल्ट आधी बोटांनी बसवावेत, मग मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत.

एवढं करूनही महिन्याभरात तेल पुन्हा आलं, तर दोष पॅकिंगचाच असेल असं नाही. इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी किंवा झडप तुंबलेली असू शकते आणि आतल्या दाबाने तेल फटीतून बाहेर ढकललं जातं. ही नळी पॅकिंगसोबतच साफ करावी. झाकण उघडंच आहे, तर टॅपेटची फटही तपासून घ्यावी.

घरच्या कामाची हद्द मात्र इथे संपते. रेडिएटरमध्ये बुडबुडे, धुराड्यातून सतत पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं तेल, ही हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेल्याची लक्षणं आहेत. त्यात हेड वाकलेलं असू शकतं, ते मोजून मशीनवर घासून सपाट करावं लागतं. अशी गाडी चालवत न नेता ओढूनच गॅरेजला न्यावी.

टॅपेटचं काम झाल्यावर इंजिन सुरू करून झाकणाची कड टॉर्चने पाहावी आणि रात्री गाडीखाली पांढरा कागद अंथरावा. सकाळी तो कोरा असेल, तर तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी सीट उचलणाऱ्याला ती नोंद लागेल.