पंधराव्या वर्षी दुसऱ्यांची संध्याकाळ आखताना

आठ ते दहा वर्षांची वीस-पंचवीस मुलं, एक सभागृह आणि दीड तास. शाळेत दिवसभर बसून आलेली ही मुलं घरी जाताना खूश हवीत, काहीतरी नवं शिकलेली हवीत आणि कुणालाही लागलेलं नको. भल्याभल्या शिक्षकांना घाम फोडणारं हे काम ब्रिटनच्या स्काउट चळवळीत 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना रीतसर शिकवतात. या मुलांना ‘यंग लीडर’ म्हणतात. ती धाकट्यांच्या गटात मोठ्यांच्या मदतीला येतात. आधी एखादा खेळ घेतात, मग एखादा उपक्रम चालवतात आणि पुढे कार्यक्रम आखायला बसतात. खरी गंमत सुरू होते ती तिथून.

तीन महिन्यांचा पहिला आराखडा बहुधा एका बैठकीत तयार होतो. सोमवारी फुटबॉल, पुढच्या सोमवारी चेंडूमार, मग पुन्हा फुटबॉल. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःला जे आवडतं तेच लिहिलेलं असतं, आणि त्यात काही चूक आहे असं त्याला वाटत नाही. मग त्याला तीन रंगांच्या पेन्सिली द्यायच्या. मैदानावरचं, निसर्गातलं, साहसाचं असेल ते एका रंगात. समाज, शेजार आणि जगाशी नातं जोडणारं दुसऱ्या रंगात. हाताला किंवा डोक्याला कौशल्य देणारं तिसऱ्या रंगात. तिथल्या स्काउटांचं प्रमाण ढोबळमानाने असं: निम्मा कार्यक्रम पहिल्या रंगाचा, उरलेला निम्मा बाकीच्या दोन रंगांत वाटलेला. कागद रंगवून झाला की सांगावं काहीच लागत नाही. सगळा तक्ता एकाच रंगाचा झालेला त्याला स्वतःलाच दिसतो. ज्या मुलीला चित्रं काढायला आवडतं, ज्याला धावताना दम लागतो, ज्याला फक्त गोष्टी ऐकायच्या असतात, त्यांच्यासाठी या तीन महिन्यांत एकही संध्याकाळ नाही, हेही त्याच्या लक्षात येतं.

पुढचा धडा एका संध्याकाळच्या आतल्या तोलाचा. मुलं आल्या आल्या त्यांना बसवून गाठ शिकवायला घेतली, तर पाच मिनिटांत सभागृहाचा बाजार होतो. आधी दमवणारा खेळ, मग बसून करायचं काम, मग पुन्हा थोडी धावपळ आणि शेवटी सगळ्यांना शांत करणारं गाणं किंवा गोष्ट, अशी चढउतार ठेवली की तीच मुलं वेगळी वाटायला लागतात. त्यांच्या अंगातल्या उत्साहाला वाट हवी असते, आणि ती कधी द्यायची हे ठरवणं आखणाऱ्याच्या हातात असतं.

गाठीचंच उदाहरण घेऊ. रीफ गाठ बांधताना डावं टोक उजव्यावरून घ्यायचं, मग उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं, तर होणारी गाठ दिसते तशीच, पण ताण आला की सरकते. हे एखाद्या मुलाला दोन मिनिटांत जमतं, एखाद्याला पंधरा मिनिटं लागतात. दंगा सुरू होतो तो या तेरा मिनिटांत, आणि करतात ती ज्यांना लवकर जमलं ती मुलं. नवशिका आखणारा त्यांना ओरडतो. शिकलेला आखणारा पुढची पायरी आधीच तयार ठेवतो: ‘जमली? मग हा त्रिकोणी रुमाल घे आणि शेजाऱ्याच्या हाताला झोळी बांध.’ रीफ गाठ सपाट बसते, अंगाला रुतत नाही, म्हणून ती प्रथमोपचारात वापरतात. म्हणजे ज्याला लवकर आलं त्याला गाठीचा उपयोगही कळला आणि शेजाऱ्याचा हातही.

मला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट मात्र खेळांच्या रचनेत आहे. आपल्याकडे गणेशोत्सवात संगीत खुर्ची ठरलेलीच. त्यात सगळ्यात आधी बाद कोण होतं? जे बुजरं आहे, ज्याचे पाय हळू आहेत ते. ज्याला खेळण्याची सर्वांत जास्त गरज, तेच सर्वांत जास्त वेळ भिंतीला टेकून बसतं. आता कबड्डी पाहा. तिथेही खेळाडू बाद होतो, पण आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की तो परत मैदानात येतो, आणि आधी बाद झालेला आधी परत येतो. एका नियमाने बाहेर बसलेल्याचे डोळे खेळावर खिळून राहतात. एकदा हे दिसलं की पंधरा वर्षांचा मुलगा कुठलाही खेळ दुरुस्त करू शकतो: चेंडू लागला तर दहा उड्या मार आणि परत ये. खेळ तोच राहतो, फक्त कुणी कायमचं बाहेर बसत नाही.

मुलांच्या हाती मुलं सोपवण्याचा हा विश्वास जुना आहे. ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, पूल शहराच्या खाडीतल्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी जे प्रायोगिक शिबिर भरवलं, त्यात वीसेक मुलांच्या चार तुकड्या होत्या: लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. प्रत्येक तुकडीचा म्होरक्या एक मुलगाच. शिबिराची आखणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. प्रत्येक दिवसाला एक विषय: निरीक्षण, रानविद्या, जीव वाचवणं वगैरे. रात्री शेकोटीपाशी गोष्टीतून विषयाची ओळख, सकाळी प्रात्यक्षिक, मग तेच खेळांतून पक्कं करायचं आणि दुपारी जेवणानंतर सक्तीची विश्रांती. ऐकणं, पाहणं, करणं आणि थांबणं, चारही गोष्टींना दिवसात जागा होती.

आपल्यालाही ही वाट अनोळखी नाही. आपल्या शाळांतून कब-बुलबुल, स्काउट-गाइड आहेत. जगभरच्या गाइड मुलींचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र 1966 पासून पुण्यात आहे. 1941 मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत खेळ, गाणी आणि बौद्धिक एकाच संध्याकाळी गुंफलेली असत.

तरीही आपण किशोरांना बहुतेकदा खुर्च्या मांडायला आणि प्रसाद वाटायला बोलावतो. कार्यक्रम मात्र मोठेच ठरवतात. यात त्यांचं फार नुकसान होतं. या वयात मूल स्वतःत गुरफटलेलं असतं अशी आपली तक्रार असते, आणि आखणी हा त्यावरचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय आहे. कारण तोल साधायचा तर वीस-पंचवीस जणांच्या जागी आळीपाळीने उभं राहावंच लागतं. ‘दुसऱ्याचा विचार कर’ हे शंभरदा सांगून जे उतरत नाही, ते एक तक्ता भरताना आपोआप घडतं.

तेव्हा सोसायटीच्या किंवा मंडळाच्या पुढच्या बालकार्यक्रमाचा एक तास दोन-तीन किशोरांच्या हाती द्या. एखादी मोठी व्यक्ती सोबत असू दे, पण तिने ठरवायचं काही नाही, तीन प्रश्न तेवढे विचारायचे. यात नुसतं बसून कोण राहील? ज्याचं आधी संपेल, तो पुढे काय करेल? आणि कार्यक्रम संपल्यावर, जे मूल हात वर करत नाही, त्याला कसं वाटलं हे तुम्ही कसं शोधाल? पहिला प्रयत्न फसला तरी हरकत नाही. दुसरा आराखडा ते न सांगता खोडून पुन्हा लिहायला घेतील.