साखरपुड्याचं फोटोशूट करताय? कॅमेरा निघण्याआधी ‘या’ गोष्टी ठरवून घ्या

सातारा : तुळशीचं लग्न लागलं की गावागावांत सोयरिकी जमायला सुरुवात होते. पूर्वी साखरपुड्याला एक फोटोग्राफर यायचा, कुंकू लावताना, अंगठी घालताना आणि पंगतीत चार फोटो काढून जायचा. आता वाई असो, कोरेगाव असो की माण-खटाव, सुपारी फुटली की ‘शूट कधी करायचं?’ हा विषय निघतोच. हौसेत वाईट काही नाही. पण नीट न ठरवता केलेलं शूट खिशाला लागतं आणि कधी कधी दोन घरांत कटकटही लावून जातं. म्हणून तयारी कपड्यांपासून नाही, बोलण्यापासून सुरू करावी.

आधी दोन्ही घरांत बोलणं

पहिला प्रश्न मुलीला विचारायचा. तिला शूट करायचंय का, कुठे करायचंय, कोणते फोटो नकोत? मुलाकडच्यांनी परस्पर फोटोग्राफर ठरवून ‘रविवारी या’ असा निरोप धाडला तर नाही म्हणणं तिच्या घरच्यांना जड जातं.

काही घरांत लग्नाआधी दोघांनी दिवसभर बाहेर जाणं पटत नाही. त्यावर सोपा मार्ग आहे. साखरपुड्याच्या दिवशीच कार्यक्रमाआधी तास-दीड तास घराजवळ शूट करायचं. बाहेर जायचं असेल तर मुलीबरोबर बहीण किंवा वहिनी असावी. कपडे बदलायला, पदर सावरायला मदत होते आणि घरच्यांचा जीवही भांड्यात पडतो.

‘पॅकेज’मध्ये काय काय आहे?

फोटोग्राफर एक आकडा सांगतो आणि आपण होकार देतो. भांडण नंतर होतं. समजा पॅकेज २० हजारांचं ठरलं. गाडीचं डिझेल, जागेचं शुल्क, भाड्याचे ड्रेस, मेकअप, चार-पाच जणांचं जेवण हे त्यात धरलं नसेल तर दिवस संपेपर्यंत खर्च सहज ३० हजारांवर जातो. उसाचं बिल अजून यायचं असेल, लग्नाचा खर्च पुढे असेल तर हे १० हजार जाणवतात.

म्हणून साध्या कागदावर एवढं लिहून घ्यावं : किती तास, किती माणसं, किती फोटो दुरुस्त करून मिळणार, व्हिडिओ किती मिनिटांचा, अल्बम किती पानांचा, सगळे मूळ फोटो मिळणार का, किती दिवसांत मिळणार आणि पाऊस आला किंवा घरात काही अडचण झाली तर पुढची तारीख मिळणार का. दोघांच्या सह्या घ्याव्यात. अ‍ॅडव्हान्स फोन पेनं दिला तर नोंद राहते. रोख दिला तर पावती घ्यावी. शेवटचा हप्ता फोटो हातात आल्यावरच द्यावा.

फोटो कुणाचे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काम सांगणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे स्टुडिओला तुमचे फोटो जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर त्यांनी तुम्हाला विचारलं पाहिजे. मात्र ‘आम्ही फोटो वापरू’ अशी ओळ असलेल्या कागदावर सही केली असेल, तर तो करार ठरतो. म्हणून वाचून सही करावी.

यातच दुसरी गोष्ट येते. पैसे फक्त एका घरानं दिले तर कागदोपत्री मालकीही एकाच घराकडे जाते. सोयरीक पुढे टिकावी हीच सगळ्यांची इच्छा. पण क्वचित मोडते, आणि तेव्हा मुलीचे फोटो कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आहेत हा घोर तिच्या आई-वडिलांना लागतो. खर्च निम्मा-निम्मा करावा आणि ‘दोन्ही घरांच्या संमतीशिवाय फोटो कुठेही टाकायचे नाहीत’ ही ओळ त्याच कागदावर लिहावी. हे अपशकुनी नाही. जमीन घेताना सात-बारा बघतो तसंच आहे.

कुणी फोटोंचा गैरवापर केला, धमकी दिली तर गप्प बसू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते.

जागा : दूर कशाला जायचं?

मेणवलीचा घाट, लिंबची बारामोटेची विहीर, कास पठार ही आपल्या जिल्ह्यातली आवडीची ठिकाणं. पण तिथे जाण्याआधी परवानगी आणि शुल्क फोनवर विचारून घ्यावं. मेणवली धोम धरणाच्या खाली कृष्णेकाठी आहे. धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते, खालच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात. विहिरीच्या काठावर नऊवारी आणि उंच टाचा घालून उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. कास २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे फुलं तोडू नयेत, फुलांत बसून फोटो काढू नयेत.

रेल्वे रुळावर तर अजिबात जाऊ नये. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना रुळावर गेल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ड्रोन असेल तर फोटोग्राफरला दोन प्रश्न विचारावेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो आणि धंद्यासाठी तो उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते आहे का? आणि त्या जागेवर ड्रोनला मनाई तर नाही ना? धरणाजवळ, गडावर हे आधीच विचारलेलं बरं.

खरं तर सगळ्यात चांगली जागा बिनपैशाची असते. हुरड्यात आलेली ज्वारी, डाळिंबाची बाग, जुन्या घराचा सोपा, बैलगाडी, गावचं देऊळ. शेतात जाताना पायात बूट असावेत, नुकतीच फवारणी झालेली नसावी आणि मोटारीच्या वायरी बघून ठेवाव्यात.

वेळ आणि कपडे

भर दुपारी डोळ्यांखाली काळी सावली पडते, माणूस डोळे मिचकावतो. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा दीड-दोन तास उजेड मऊ असतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी करायचं असेल तर साडेसहाला जागेवर पोहोचावं लागतं, म्हणजे मेकअप त्याही आधी.

दोन-तीन जोड पुरेत. प्रत्येक कपडे बदलण्यात अर्धा तास जातो आणि चांगला उजेड निघून जातो. हिरव्या उसात हिरवी साडी उठून दिसत नाही. तिथे लाल, पिवळा, मोरपंखी शोभतो. बारीक चौकडीचा शर्ट व्हिडिओत थरथरल्यासारखा दिसतो, तो टाळावा. आईची किंवा आजीची पैठणी असेल तर भाड्याच्या गाउनपेक्षा ती पुढेही आठवण म्हणून राहते. खरं सोनं घरीच ठेवावं. शेतात पडलेली अंगठी सापडत नाही.

आदल्या दिवशी

कपड्यांना इस्त्री, पिना, सुई-दोरा, रुमाल, पाणी आणि थोडा फराळ एका पिशवीत भरून ठेवावा. नवे बूट-चपला दोन दिवस घरात वापराव्यात. रात्री लवकर झोपावं. आणि फोटो हातात आले की त्याच दिवशी दोन प्रती कराव्यात, एक मुलीच्या घरी, एक मुलाच्या घरी. मोबाईल पाण्यात पडतो, पेन ड्राइव्ह हरवतो. दोन्ही घरांत प्रत असली की आठवण जपली जाते आणि ‘फोटो तुमच्याकडेच राहिले’ ही तक्रारही राहत नाही.