चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

जुनं सॉफ्टवेअर बदलायचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे गेला की हा प्रश्न ठरलेला. त्याला तांत्रिक भाषेत उत्तर देऊन उपयोग नाही, ते पैशांत द्यावं लागतं. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत हिमवादळ आलं. त्याचा फटका सगळ्याच विमान कंपन्यांना बसला आणि बाकीच्या लवकर सावरल्या. साउथवेस्ट एअरलाइन्सची कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या लावणारी जुनी यंत्रणा मात्र इतके बदल एकदम पेलू शकली नाही. कोणता वैमानिक कुठल्या शहरात अडकलाय हेच कंपनीला कळेना. कर्मचारी फोन कानाला लावून तासन्‌तास ताटकळले. सुमारे 16,900 उड्डाणं रद्द झाली, 20 लाखांवर प्रवासी अडकले आणि कंपनीला एक अब्ज डॉलरहून जास्त भुर्दंड पडला. वैमानिकांची संघटना आधीपासून धोक्याची सूचना देत होती.

बदलच अंगलट आला तर, ही भीतीही खोटी नाही. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपली खाती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेली आणि लाखो ग्राहकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. पुढे बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड झाला. म्हणून एकदम सगळं बदलायची मंजुरी मागूच नये. आधी एक भाग घ्यावा, जुनी-नवी यंत्रणा काही काळ शेजारी-शेजारी चालवावी आणि हिशेब जुळला की पुढे सरकावं. आणि प्रस्तावात बदलाच्या खर्चाशेजारी न बदलण्याचा खर्चही आकड्यांत लिहा.