चांदोबा नेमका कुणाबरोबर जातो?

रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलेले मूल हमखास विचारते, ‘चंद्र आपल्याबरोबर का येतोय?’ ‘तू आवडतोस म्हणून’ हे उत्तर गोड आहे, पण त्याने प्रश्न तिथेच संपतो. लहान मुलांची ही समजूत स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२६मध्येच नोंदवली होती.

अशा वेळी उलट प्रश्न विचारावा : ‘समोरून येणाऱ्या गाडीतल्या मुलालाही तसेच वाटत असेल, मग चांदोबा नेमका कुणाबरोबर जातो?’ मूल विचारात पडले की त्याला बाहेर बघायला सांगावे. रस्त्याकडेची झाडे झरझर मागे पळतात, दूरचा डोंगर रेंगाळतो. वस्तू जितकी लांब, तितकी आपल्या चालण्याने तिची दिशा कमी बदलते. बाजूला १० मीटरवर असलेला खांब आपण १० मीटर पुढे गेलो की ४५ अंश मागे पडतो. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. त्यामुळे गाडी १ किलोमीटर धावली, तरी तो स्वतःच्या रुंदीच्या जेमतेम साडेतीन हजाराव्या भागाइतका सरकतो. डोळ्यांना ते कळत नाही, म्हणून तो सोबत आल्यासारखा वाटतो.

पाच वर्षांच्या मुलाला झाड, डोंगर, चंद्र एवढा क्रम पुरे, आकडे मोठेपणी. आणि एखादे उत्तर आपल्याला येत नसेल, तर ‘गप्प बस’पेक्षा ‘चल, बघू या’ बरे. उत्तर निरीक्षणातून शोधता येते, हे मूल त्यातूनच शिकते.