बंद न होणारी फाईल

पोटातल्या महाधमनीचा फुगा बहुधा दुसरंच काही शोधताना सापडतो. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी होते आणि अहवालात खाली एक आकडा येतो : ५८ मिलिमीटर. एरवी ही रुंदी २०च्या आसपास असते. पुरुषांत ५५च्या पुढे शस्त्रक्रियेचा विषय निघतो. रुग्ण बहुतेकदा साठी उलटलेला, जन्मभर विडी ओढलेला. माण-खटाव असो की जत-आटपाडी, दुखत काहीच नाही म्हटल्यावर ‘मग पोट कशाला फाडायचं?’ हे घरचे आधी विचारतात.

पोट न फाडण्याची सोय १९९० साली ब्युनॉस आयर्समध्ये हुआन पारोदींनी करून दाखवली. जांघेतल्या धमनीतून जाळी लावलेली कापडी नळी आत सरकवायची, म्हणजे रक्त नळीतून वाहतं आणि फुग्यावरचा दाब उतरतो. (खार्कीवच्या निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत हे १९८७ सालीच केलं होतं, श्रेय मात्र उशिरा मिळालं.) रुग्ण काही दिवसांत घरी. ‘आण्णा ठणठणीत आहेत,’ असे फोन जातात.

खरी गोम इथून पुढे. फुगा काढलेला नसतो, आतच असतो. उसाच्या पाइपलाइनसारखं इथंही जोडावर पाणी मुरतं : वरचं किंवा खालचं टोक नीट चिकटलं नाही, तर रक्त पुन्हा फुग्याच्या पिशवीत शिरतं. नळीचे भाग सुटले किंवा कापड फाटलं तरी तेच. या दोन्ही गळत्या धोक्याच्या, त्या लगेच बंद कराव्या लागतात. सर्वांत जास्त आढळणारी गळती वेगळी : कमरेकडच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटं पिशवीत येतं. पिशवी वाढत नसेल तर तिच्यावर नुसतं लक्ष ठेवतात. शिवाय नळी खाली घसरते, क्वचित तिला जंतुसंसर्ग होतो. नळीचा पायाकडे जाणारा एक फाटा बुजला तर पाय अचानक गार पडून दुखू लागतो. तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००४ दरम्यान १,२५२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू नळीवाल्यांत १.८ टक्के, पोट उघडलेल्यांत ४.३. पण आठ वर्षांनंतर पारडं फिरलं. नळी असूनही पिशवी फुटून दगावणारे निघाले. म्हणून तपासणी जन्मभराची.

आमच्याकडे गाडं अडतं ते इथंच, असं माझं मत. जाळीसाठी अनेकदा पुणे-मुंबई गाठतात, पुढची सोनोग्राफी मात्र कराड, सातारा, मिरजेतही होऊ शकते. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्या रुग्णालयापासून, म्हणजे १८९४पासून, मिरजेला दवाखान्यांची सवय आहे. अडचण कागदांची असते. विट्याकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीर तर देशभर पांगलेले : जाळी एका शहरात, अहवाल दुसऱ्या शहरात, म्हातारपण गावी. जुनी सीडी हाताशी नसेल, तर आजचा ६१ हा आकडा ६६वरून उतरलाय की ५६वरून चढलाय, हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी कशावरून सांगायचं?