अठरा डॉलरचा हिशेब

लेकीच्या आग्रहाखातर आम्ही दोघं नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात राहून आलो. परत आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? पाहिलं बरंच. पण आज वाचकांना सांगावंसं वाटतं ते एका हिशेबाबद्दल. तो आमच्या सोळा वर्षांच्या नातीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला होता आणि काही केल्या जुळत नव्हता.

नात अकरावीला. तिच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या एका व्यापारविषयक संघटनेची शाखा आहे. नोव्हेंबरअखेर शाळेत बास्केटबॉलचा सामना होता, तेव्हा शाखेच्या मुलांनी खाऊची विक्री ठेवली. नानीने, म्हणजे आमच्यापैकी एकीने, दोन दिवस खपून नानखटाई करून दिली. इतर मुलांच्या घरून केक आले. एकूण एकशे वीस पुड्या, प्रत्येकी दोन डॉलर. सगळ्या संपल्या. म्हणजे २४० डॉलर जमायला हवेत. सकाळी सुट्ट्यासाठी ठेवलेले पैसे बाजूला काढल्यावर डब्यात निघाले १७४. सहासष्ट डॉलरची तूट, आणि खजिनदार आमची नात.

तिने एकेकाला फोन केले. चौदा पुड्या खेळाडूंना आणि सफाई कामगारांना फुकट दिल्या होत्या, त्याचे अठ्ठावीस. दहा पुड्या शिक्षकांनी उधार नेल्या होत्या, त्याचे वीस. उरले अठरा. ते कुठे गेले याचा पत्ता लागेना. रात्री साडेअकराला जावई म्हणाले, "अठराच डॉलर ना? मी घालतो. विषय संपला." पोरीने नोटा हातात घेतल्यासुद्धा. मग काय मनात आलं कोण जाणे, परत ठेवल्या आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ही गोष्ट शाखेच्या मार्गदर्शक शिक्षिकेला सांगितली. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. म्हणाल्या, "वडिलांचे पैसे घालू नकोस. अहवालात तूट म्हणून लिही, आणि पुढच्या वेळी काय बदलणार तेही लिही." तिने लिहिलं: डब्याजवळ दोघं बसतील, फुकट दिलेली आणि उधार गेलेली पुडी तिथल्या तिथे कागदावर नोंदली जाईल. आम्ही दोघांनी मिळून साठ वर्षं शाळेत काढली. पण मुलाला त्याची चूक स्वतःच्या अक्षरात लिहायला लावून, पुन्हा त्याच्याच हातात डबा देणारी शाळा आम्ही क्वचित पाहिली होती. म्हणून या संघटनेची माहिती घ्यावी असं ठरवलं.

संघटनेचं नाव 'फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका', थोडक्यात एफबीएलए. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले प्राध्यापक हॅम्डेन फॉर्कनर यांनी १९३७ साली तिची कल्पना मांडली. हे गृहस्थ लघुलेखन आणि टंकलेखन शिकवण्याच्या क्षेत्रातले. इंग्रजी लघुलेखनाची एक पद्धत पुढे त्यांच्याच नावाने निघाली. देशभरच्या शाळांमध्ये व्यापाराचे विषय शिकणारी मुलं आपापल्या वर्गात सुटी सुटी आहेत, त्यांना एका धाग्यात ओवावं, हा त्यांचा विचार. पहिली शाखा ३ फेब्रुवारी १९४२ रोजी टेनेसी राज्यातल्या जॉन्सन सिटी गावच्या शाळेत निघाली. अमेरिका महायुद्धात उतरून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. १९४७ मध्ये आयोवा ही पहिली राज्यशाखा झाली आणि १९५८ मध्ये महाविद्यालयीन मुलांसाठी वेगळा विभाग निघाला. आज त्याहून लहान, माध्यमिकच्या मुलांसाठीही विभाग आहे.

रचना आपल्याला समजेल अशीच आहे. आपल्याकडे गाव, तालुका, जिल्हा, तसं तिथे शाळेची शाखा, मग विभाग, मग राज्य आणि वर देश. पेनसिल्व्हेनियासारख्या मोठ्या राज्याचे अनेक विभाग पाडले आहेत आणि त्यांना नुसते क्रमांक आहेत. राष्ट्रीय पातळीवर सगळ्या देशाचे पाच मोठे प्रदेश केले आहेत, आणि प्रत्येक प्रदेशाचा एक उपाध्यक्ष असतो. हे सगळे पदाधिकारी विद्यार्थीच. शिक्षक मार्गदर्शक म्हणून मागे असतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही पदं मुलं निवडणुकीने मिळवतात. अर्ज करायचा, भाषण करायचं, प्रतिनिधींच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि मतांना सामोरं जायचं.

डिसेंबरात नातीच्या विभागाचं संमेलन झालं, तिथे ती विभागाच्या खजिनदारपदाला उभी राहिली. आदल्या रात्री तिने भाषण आम्हाला वाचून दाखवलं. त्यात अठरा डॉलरची गोष्ट होती. आम्ही दचकलो. "बेटा, हे कशाला? कुणाला ठाऊक तरी आहे का?" ती म्हणाली, "नाना, मी त्यांचे पैसे सांभाळणार आहे. माझ्या हातून काय झालं ते त्यांना आधी कळायला नको का?" नानाकडे उत्तर नव्हतं. पैसा ही अमानत आहे हे आम्ही तिला लहानपणी सांगत होतो. आता ती आम्हाला सांगत होती.

ती निवडून आली. अठरा डॉलरमुळे आली की अठरा डॉलर असूनही आली, हे आम्हाला सांगता येणार नाही.

विभागाचा पदाधिकारी करतो काय? आमची आपली समजूत, बिल्ला लावून फोटो काढत असेल. जानेवारीपासून पाहिलं तर पोरीचे दोन शनिवार दुसऱ्या शाळांत गेले. एका शाळेत शाखा बंद पडत आली होती, तिथल्या सहा मुलांसोबत ती आणि विभागाचा अध्यक्ष बसून आले. दुसऱ्या शाळेतल्या नव्या खजिनदाराला पावतीपुस्तक कसं ठेवायचं ते तिने दाखवलं. संमेलनाचा खर्च, शाळांकडून आलेलं शुल्क, शिल्लक, यांचा तक्ता मार्गदर्शक शिक्षकांपुढे ठेवला. पगार नाही, मानधन नाही. वर्गातला अभ्यास सांभाळून हे सगळं. नेतृत्व म्हणजे पुढे उभं राहणं असं आपण समजतो. इथे ते मागे राहून दुसऱ्याची शाखा चालती ठेवणं होतं.

संघटनेत स्पर्धाही भरपूर. हिशेबलेखन, भाषण, व्यवसायाचा आराखडा, मुलाखत असे कितीतरी विषय. विभागात वर येणारी मुलं राज्याच्या संमेलनाला जातात आणि तिथून निवडलेली मुलं उन्हाळ्यात राष्ट्रीय संमेलनाला. आम्हाला सर्वांत नवल वाटलं ते सभा चालवण्याच्या स्पर्धेचं. चार-पाच मुलांच्या गटाला एक प्रसंग देतात, थोडा वेळ तयारीला देतात, आणि परीक्षकांसमोर रीतसर सभा चालवायला सांगतात. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, दुरुस्ती आली तर आधी मत कशावर घ्यायचं, सगळं नियमाने.

या नियमांचा उगमही ऐकण्यासारखा आहे. हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरला १८६३ साली न्यू बेडफर्ड गावातल्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक घ्यावं लागलं. सभा कशी चालवावी हे त्याला ठाऊक नव्हतं आणि गोंधळ माजला. त्या फजितीतून त्याने अभ्यास केला आणि १८७६ मध्ये सभेच्या नियमांचं पुस्तक छापलं. आज अमेरिकेतल्या असंख्य संस्था त्यावर चालतात. आपल्या जमातीच्या, सोसायटीच्या, शाळा-समितीच्या सभा आम्ही आयुष्यभर पाहिल्या. ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव पास. मागच्या रांगेतला माणूस घरी गेल्यावर बायकोला सांगतो की मला वेगळंच म्हणायचं होतं. सोळा वर्षांची मुलं एकमेकांना पुरतं बोलू देतात, मग मत देतात आणि हरलेला गट चिडून उठून जात नाही, हे पाहताना आम्हाला आपलीच आठवण आली.

राज्याचं संमेलन एप्रिलात, हर्शी या गावी. चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. त्या वर्षी ते दिवस रमझानचे होते. घरात वाद झाला. मुलगी, बाहेरगावी, हॉटेलात मुक्काम, त्यात रोजे. जावई नको म्हणत होते. लेक गप्प होती. शेवटी शिक्षिकेशी बोलणं झालं. मुलींच्या खोल्या वेगळ्या, सोबत शिक्षिका, रात्री ठरल्या वेळेनंतर खोलीबाहेर पडायचं नाही, पोशाख कचेरीत शोभेल असा. डोक्यावरच्या ओढणीला कुणाची हरकत नव्हती. जावयांनी तरी एक रात्र विचार केला. मग स्वतःच बाजारातून खजूर आणले आणि तिच्या पिशवीत भरले.

परत आल्यावर तिने सांगितलं, की सेहरीला उठण्यासाठी खोलीतल्या दुसऱ्या दोघींनीही आपापल्या फोनवर गजर लावला होता. तिचा गजर वाजूनही ती उठली नाही, त्यांनी हलवून उठवलं. एकीने तर तिच्यासोबत पहाटे उकडलेलं अंडं खाल्लं. स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. याचं तिला वाईट वाटलं, एक दिवस ती जेवतानाही बोलली नाही. मग विभागाचा तक्ता पुरा करायला बसली.

हे सगळं अमेरिकेतलं. तिथल्या शाळांकडे पैसा आहे, गाड्या आहेत, जागा आहेत. आपल्याकडे ते जसंच्या तसं होणार नाही, आणि व्हावं असंही आमचं म्हणणं नाही. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. आपल्या कितीतरी घरांत धंदा पिढीजात आहे. बेकरी, किराणा, कापड, गॅरेज, भंगार, मासळी. भिवंडी-मालेगावात यंत्रमाग. आपली मुलं दहाव्या वर्षी गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाईक ओळखतात, सुट्टे पैसे डोक्यात मोजतात. आणि हीच मुलं शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की खाली मान घालतात. "काही नाही सर, असंच दुकान आहे." हे उत्तर आम्ही वर्गात किती वेळा ऐकलं असेल! घरातला धंदा आणि शाळेतलं शिक्षण यांची गाठच पडत नाही. धंदा शिकलेल्या मुलाला हिशेब लिहिता येत नाही, आणि हिशेबाच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला दुकानात उभं राहता येत नाही. मुलींना तर गल्ल्यावर बसवतच नाहीत. त्यांच्याकडे ना हे, ना ते.

खरं तर आपल्या मातीत हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांत सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली, श्रम करून शिकली. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपल्याकडे तिथूनच घरोघर पोहोचले. आणि व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद तर आपल्या घरांत त्याहूनही जुनी.

गावी परतल्यावर आम्ही आमच्या जुन्या शाळेत गेलो. तिथे दरवर्षी आनंद बाजार भरतो. मुलं भेळ, सरबत, भाजी विकतात, पालक कौतुकाने विकत घेतात आणि संध्याकाळी सगळं विसरलं जातं. मुख्याध्यापकांना आम्ही एवढंच सुचवलं, की या वेळी प्रत्येक गाळ्याने हिशेब लिहून द्यावा. भांडवल किती, कुणाकडून घेतलं, विक्री किती, उरलं काय, उधारी किती. आणि प्रत्येक गाळ्याची खजिनदार मुलगी असावी. शेजारच्या दोन शाळांनाही बोलावलं. आमच्या शाळेतली दोन मुलं त्या शाळांत जाऊन तक्ता कसा भरायचा ते दाखवून आली. विभाग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी हिशेब वाचून दाखवले. बहुतेकांना नफा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग सातवीतली एक मुलगी उठली. तिची आई सुकी मासळी विकते. तिने मिसळीचा गाळा लावला होता. कागद दोन्ही हातांत घट्ट धरून तिने वाचलं, "तोटा तीस रुपये. कारण, रश्श्याचं पातेलं उचलताना सांडलं. पुढच्या वेळी दोन लहान पातेली घेऊ."

वर्गात जरा शांतता झाली. कुणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, "पुढच्या वर्षी खजिनदार कोण?"

तिच्या गाळ्यातल्या चारही मुलांनी तिच्याकडेच बोट केलं.